जुईचा डावा हात

मोर्शीच्या शाळेच्या फाटकातच शिपायानं नीरजा साबणेला अडवलं.

"स्काऊट म्हन्ता, मंग गळ्यातला रुमाल कुठं हाये?"

"ते स्काऊट वेगळे, काका. मी खेळाडू हेरायला आलेय."

"हेरायले?" शिपाई मागं सरकला. "म्हंजे पोलिसातल्या का जी?"

एरवी नीरजा यावर पोटभर हसली असती. आज तिला सवड नव्हती. महिला बेसबॉल लीगच्या सह्याद्री संघासाठी ती गावोगाव मुली हेरत हिंडायची, आणि मलबार संघाचा माणूस आदल्या दिवशीच वरुडला उतरल्याची बातमी तिला लागली होती. वरुड आणि मोर्शी यांच्यात अंतर ते काय! तिनं सकाळपासून पोटात चहाखेरीज काही टाकलं नव्हतं आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं डाव्या हाताचं मनगट चोळण्याचा तिचा जुना चाळा सारखा चालू होता.

मैदानावर क्रीडाशिक्षक घोरमाडे सर वाट पाहत उभे होते. गळ्यात शिट्टी, पायात स्लीपर आणि चेहऱ्यावर मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातल्या वधुपित्याचा भाव.

"हे आमची जुई, मॅडम. जुई धोटे. बारावीले हाये. फेक ओ बाई, मॅडमले दाखव."

जुई उंच, किडकिडीत, वेणी टोपीत कोंबलेली. तिनं उजव्या हातानं चेंडू फेकला. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये तो नेमका जाऊन बसला. पुढचाही तसाच. नेम चांगला, वेग बरा. अशा बऱ्या मुली नीरजानं पोत्यानं पाहिल्या होत्या. तरी इथवर आलोच आहोत तर म्हणून तिनं पिशवीतून कलदर्शक काढला आणि जुईच्या डोक्यावर बसवला. दिसायला ती साधी रबरी टोपी, पण गेल्या काही वर्षांत साऱ्या खेळजगताला तिनं वेड लावलं होतं.

त्याचं कारण सांगायला हवं. आपला डावा हात चालवतो मेंदूचा उजवा भाग, आणि उजवा हात चालवतो डावा भाग. लहानपणी हा सगळा कारभार मोकळा असतो, पडेल ते रुजतं. पुढं मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते आणि शिकलेलं तिच्यात पक्कं बसतं. म्हणून लहानपणी शिकलेली सायकल म्हातारपणीही विसरत नाही, आणि चाळिशीत हाती घेतलेली सतार शेजारी घर बदलेपर्यंत रडत राहते. डावखुऱ्या पोराला मारूनमुटकून उजवं केलं, तर त्याच्या डाव्या हाताचं आधी रुजलेलं पुसलं जात नाही, जाळीखाली झाकलं जातं. कलदर्शक ती झाकलेली जागा दाखवायचा. आणि मग 'उकल' नावाचा उपचार होता. एक औषध आणि सौम्य विद्युतप्रवाह देऊन मेंदूच्या तेवढ्याच भागातली जाळी काही आठवडे सैल करायची. हात पुन्हा लहान मुलाचा होतो. त्या मुदतीत जे घोटून घ्याल, त्याच्यावर नवी जाळी बसते.

बेसबॉलमध्ये डावखुऱ्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणारीला, फार मान. तिचा चेंडू उलट्या बाजूनं येतो आणि बॅटरच्या नजरेला त्याची सवय नसते. बाकीच्या देशांत डावखुरी पोरं उघडपणे डावखुरी वाढतात, त्यामुळे तिथं दडलेलं असं काही उरलं नव्हतं. आपल्याकडची गोष्ट निराळी. डाव्या हातानं प्रसाद घेतला की पाठीत धपाटा, डाव्या हातानं वाढलं की सासरी माहेरचा उद्धार. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्या हातांची लाज बाळगली ते हात कोरे, न झिजलेले, घरोघरी पडून होते, आणि परदेशी संघांना एकाएकी आपल्या संस्कारांचं फार कौतुक वाटू लागलं होतं.

नीरजाच्या आईचा हातही चापट मारण्यात पटाईत होता. पोळी डाव्या हातानं तोडली की चापट, खडू डाव्या हातात धरला की चापट. नीरजा उजव्या हातानं राज्य संघापर्यंत खेळली आणि तिथं तिचा खांदा गेला. कलदर्शक आला तेव्हा तिनं सगळ्यांत आधी स्वतःच्या डोक्यावर चढवून पाहिला. डाव्या हाताची जागा लख्ख उमटली. खेळायचं वय तेव्हा उलटून गेलं होतं. त्या दिवशी ती संतापानं रडली होती, आणि तो संताप अजून उतरला नव्हता. गावोगावच्या मुलींचे डावे हात सोडवणं हा तिला आपला सूड वाटायचा.

जुईच्या मेंदूचं चित्र फोनच्या पडद्यावर उमटलं आणि नीरजाचा अंगठा मनगटावर थांबला. डाव्या हाताची सगळी जागा शेंदूर सांडल्यासारखी लाल झाली होती. इतकं गडद चित्र तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

"सर, लहानपणी हिचा डावा हात—"

"बांधून ठेवे ना हिची माय!" घोरमाडे सर म्हणाले. "म्या सोता पायलं, शायेतच भरे अंगनवाडी. अंगनवाडीतल्या बाईनं सांगतलं का पोट्टी डाव्या हातानं खाते, तं मायनं लुगड्याच्या चिंधीनं हात पाठीशी बांधला. लय दिवस बांधला."

झालं. नीरजाची खात्री पटली. आपल्या मुलखात लहान मुलीचा डावा हात बांधला म्हटल्यावर आणखी काही विचारायची गरज कोणाला वाटत नाही. तिलाही वाटली नाही.

घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दाराशी जुई थांबली.

"मॅडम, माय बोलत नाई. ऐकू बी नाई येत तिले, जल्मापासून. तुमी मले सांगा, म्या तिले सांगतो."

सिंधू धोटे संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होती. नुकतीच घरी येऊन तिनं चूळ भरली होती आणि पाहुणीला पाहून ती पदर सारखा करत उठली. मग मायलेकींचे हात सुरू झाले आणि नीरजा पाहतच राहिली. बोटं उघडत, मिटत, गालाला लागत, छातीवर टेकत, हवेत वळण घेत. मधूनच सिंधू हसायची, जुई तिला दटावायची. नीरजानं फोन पुढं केला. त्याला जगातल्या झाडून साऱ्या खुणांच्या भाषा यायच्या. फोननं थोडा वेळ पाहिलं आणि ही भाषा आपल्याला ठाऊक नसल्याचं कबूल केलं.

"नाई येनार त्याले," जुई म्हणाली. "माय कधी शायेत गेली नाई. बाप म्या पोटात असतानाच गेला. मंग आमी दोघींनीच केली हे बोली. आमाले दोघींलेच येते."

नीरजानं सगळं नीट सांगितलं. निदान तिला तसं वाटलं. पुण्यात राहावं लागेल. उपचार सुरक्षित आहे, पण मेंदूच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून उजव्या हातानं लहानपणी शिकलेलंही थोडं सैल होईल. अक्षर बिघडेल, घास सांडेल. पुढं बहुतेक ठीक होतं.

जुईनं ते हातांनी आईला सांगितलं. सिंधूचा चेहरा बदलला. तिनं जुईचा डावा हात ओढून घेतला, आपल्या गालाला लावला. मग त्या मनगटाभोवती नसलेली चिंधी गुंडाळल्यासारखं केलं आणि सोडल्यासारखं केलं. त्या हाताची मूठ वळून दाखवली आणि मान जोरजोरानं आडवी हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं. हे बराच वेळ चाललं.

"हो म्हन्ते," जुई म्हणाली.

"एवढं बोलून नुसतं हो?"

"लहानपनी हात बांधला त्याचं वाईट वाटते तिले. माफी मांगून राह्यली." जुई नीरजाच्या नजरेला नजर देऊन बोलत होती. "पन हो म्हन्ते."

"आणि मान का हलवली?"

"आमच्यात असंच अस्ते हो."

नीरजा काही कालची पोर नव्हती. 'नाही' कसं दिसतं हे कळायला कोणाला बोली यावी लागत नाही. पण तेवढ्यात फोन थरथरला. मलबारचा माणूस वरुडहून निघाला होता. आणि समोर हा हात होता, इतका लाल, इतका कोरा, कुणा आईनं बांधून वाया घालवलेला. तिनं संमतीचा कागद सिंधूपुढं सरकवला. सिंधूनं लेकीकडं पाहिलं. जुईनं एकच लहानशी खूण केली, हनुवटीला बोट लावून पुढं नेलं. त्याचा अर्थ 'माझ्यासाठी' असावा हे नीरजालाही कळलं. सिंधूनं मोठमोठ्या अक्षरांत आपलं नाव काढलं.  नीरजानं तो कागद लगेच पिशवीत टाकला.

पुण्याबाहेरच्या केंद्रात उपचार सुरू झाले आणि जुईचे हात खरंच तान्हे झाले. उजव्या हातातून आमटीची वाटी निसटायची. सही करताना 'जु'चा उकार भलतीकडं जायचा. हे अपेक्षितच होतं. डावा हात मात्र कोणालाच कळेना.

फेकीसाठी तो झोकात वर जायचा. खांदा, कोपर, मनगट सगळं नवखेपणाच्या मानानं सुरेख. आणि चेंडू सोडायच्या आधीच बोटं आपोआप उघडायची. चेंडू मागं पडायचा आणि रिकामा हात हवेत काहीतरी करायचा. गालाकडं जायचा, बोटं फडफडायची, मूठ मिटून उघडायची. प्रशिक्षक चौबळ डोक्याला हात लावायचे. डॉक्टर कर्णिक पडद्याकडं बोट दाखवायच्या. जागा पूर्ण उघडली आहे, हाताला काहीतरी आठवतं आहे, पण ती फेक नाही.

"मग काय आहे?" नीरजानं विचारलं.

"यंत्र तेवढं सांगत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

नीरजा येरझाऱ्या घालू लागली. जेवताना उठायची, बोलताना वाक्य अर्धं सोडायची. सारखा सिंधूचा तो हलणारा चेहरा डोळ्यांपुढं यायचा आणि ती दुसऱ्या कामाला लागायची.

एका दुपारी जुईच्या खोलीतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. फोन भिंतीशी पडला होता. त्याच्या पडद्यावर सिंधू अजून दिसत होती, भेदरलेली, एकच खूण पुन्हापुन्हा करणारी.

"मले मायशी बोलता येत नाई!" जुई ओरडली. "हात वर येते, पन त्याच्यात बोल येत नाई. माय समोर बसली हाये अन् म्या मुकी झाली, मॅडम!"

"जुई, मी सांगितलं होतं. अक्षर बिघडेल, घास—"

"अक्षर म्हनलं होतं तुमी. बोली नोती म्हनली!"

 अक्षर गेलं तर माणूस टाइप करतो, घास सांडला तर चमचा घेतो. या मुलीची मायबोलीच हातात होती, हे धडधडीत समोर पाहूनही नीरजाच्या डोक्यात आलं नव्हतं.

जुई भिंतीला टेकून खाली बसली. "म्या बी खोटंच सांगतलं तुमाले. माय हो नोती म्हनली."

"मला माहीत होतं," नीरजा म्हणाली.

जुईनं मान वर केली. "मंग काऊन आनलं मले?"

नीरजानं फोन उचलला, पडद्यावरच्या सिंधूला नुसते हात जोडले आणि बाहेर येऊन घोरमाडे सरांना फोन लावला. म्हणाली, सर, जुईच्या आईला घेऊन या. असाल तसे निघा.

सर खरोखर होते तसेच निघाले. पायात स्लीपर, खांद्यावर संत्र्यांची पिशवी. सिंधूनं इथवर येताना वाटेत काही खाल्लं नव्हतं. "काई खातच नाई बाप्पा," सर काकुळतीनं म्हणाले, "अन् म्या तरी तिले कसं समजावू?"

जुई तेव्हा मैदानावर होती. नीरजा त्या दोघांना कॅचरच्या मागच्या जाळीपाशी घेऊन आली. जुईचं लक्ष नव्हतं. तिनं डावा हात वर नेला, बोटं उघडली, चेंडू पडला. रिकामा हात गालाला लागला, मग पुढं येऊन बोटं फडफडली. चौबळ ओरडले.

सिंधू जाळीला धरून उभी होती. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं जाळी सोडली आणि आपला उजवा हात गालाला लावला, पुढं आणला, बोटं फडफडवली. तीच खूण.

जुई जागच्या जागी थांबली.

जाळीला वळसा घालून सिंधू धावतच मैदानात गेली. तिथल्याच मातीत लेकीपुढं बसली आणि तिला हात धरून खाली बसवलं. मग ती उजव्या हातानं एकेक खूण करू लागली, अगदी सावकाश, आणि समोर जुईचा डावा हात प्रत्येक खुणेला जागा झाल्यासारखा उत्तर देऊ लागला. दोघी हसत होत्या आणि दोघींच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अरे बाप्पा!" घोरमाडे सरांच्या हातून संत्री सांडली. "हे तं लहानपनचं हाये! अंगनवाडीत हे पोट्टी असेच हात करे. आमाले वाटे, चाळे करते."

डॉक्टर कर्णिकांना उलगडायला वेळ लागला नाही. आई उजव्या हातानं बोलायची. तान्हं मूल समोर बसून आईकडं पाहतं आणि आरशात पाहिल्यासारखं तिची नक्कल करतं. आईचा उजवा हात हलला की समोरच्या मुलीचा डावा हलायचा. जुई डाव्या हातानं बोलायला शिकली, आणि म्हणून इतर गोष्टीही डाव्यानंच करू लागली. मग अंगणवाडीतल्या बाईनं तक्रार केली आणि सिंधूनं हात बांधला. पोर तेव्हा किती दिवस गप्प झाली होती, हे सिंधूशिवाय कोणाला ठाऊक असणार? पुन्हा पहिल्यापासून, उजव्या हातात, तिनं लेकीला बोलती केली होती.

"म्हणजे ही डावखुरी नाहीच?" नीरजानं विचारलं.

"बहुतेक नाही. यंत्रानं एवढंच सांगितलं की हा हात लहानपणी खूप काही शिकलाय. काय शिकलाय ते आपण ठरवून टाकलं."

"मग त्यात अडचण काय आहे?" चौबळ म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त त्यांना चेंडूखेरीज काही दिसायचं नाही. "जागा उघडी आहे, जाळी बसायला अजून अवकाश आहे. बोटं इतकी चपळ मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत. उद्यापासून दिवसभर फेकायला लावू. ते चाळे पुसले जातील आणि तिथं फेक बसेल. ही मुलगी लीग गाजवेल, नीरजा, लिहून ठेव."

"फेक बसेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण बोली जाईल. आणि उजव्या हातातली परत येईलच, याची खात्री मी देणार नाही."

"आईची संमती आहे आपल्याकडं," चौबळ म्हणाले.

नीरजा तिथून निघाली ती सरळ जुईपाशी जाऊन मातीत बसली. पहिल्यांदाच तिनं काही न वगळता, न गुळमुळता सगळं सांगितलं. मिळणार काय आणि जाणार काय. जुई ऐकत राहिली. तिनं पडलेला चेंडू डाव्या हातात उचलून घेतला होता.

"मले खेयाचं हाये, मॅडम," ती म्हणाली. "जलमभर शेडमधे संत्र्याले स्टिकर लावत बसू का म्या? म्या म्हनूनच तं खोटं बोलली."

सिंधूनं काहीतरी विचारलं. जुईचा डावा हात उत्तर द्यायला उठला, पण त्यात चेंडू होता. तिनं चेंडू उजव्या हातात घेतला, उत्तर दिलं, पुन्हा डाव्यात घेतला. सिंधूनं पुन्हा काही विचारलं. पुन्हा चेंडू इकडून तिकडं. असं तीन-चारदा झाल्यावर जुई त्या चेंडूकडं पाहत राहिली.

"बॉल धरला का हात मुका होते," ती हळूच म्हणाली.

नीरजा तिच्याजवळ सरकली. "त्या दिवशी घरी आई काय म्हणाली होती, जुई? खरं सांग."

 जुई मान खाली घालून बोलली. "माय म्हने, ह्या हातानं ह्या पोरीनं मले पयल्यांदा माय म्हनलं. लोकाइचं ऐकून म्या तोच हात बांधला, थे पाप मले अजून झोपू देत नाई. आता तुमी सोडून राह्यल्या त्या हाताले, तं सोडा. पन त्याच्यात बॉल नोका देऊ. तो हात माहा हाये."

तिनं चेंडू नीरजाच्या ओंजळीत ठेवला आणि आईकडं वळली. त्या दोघींना आता कोणाची गरज नव्हती. नीरजा उठून चौबळांकडं गेली.

"संमती खरी नाही," ती म्हणाली. "आई नाही म्हणाली होती. मला दिसलं होतं आणि तरी मी सही घेतली. हे मी लेखी देतेय."

"वेड लागलंय का तुला? हे लेखी दिलंस तर लीगमध्ये कुठंच उभं करणार नाहीत तुला."

"माहितीये," नीरजा म्हणाली.  या कामाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं.

नोकरी गेलीच. कलदर्शक गावोगाव फिरतच राहिला, दुसऱ्या कोणाच्या पिशवीतून. नीरजा एका शाळेत मुलींना बेसबॉल शिकवू लागली. कुठल्या हातानं फेकायचं, हे ती मुलींनाच ठरवू द्यायची.

पुढच्या थंडीत अमरावतीला महाविद्यालयीन सामने होते. जुई तिथल्या कॉलेजच्या संघातून खेळत होती, पुन्हा उजव्या हातानं. वेग पूर्वीइतका राहिला नव्हता. लीगचं कोणी तिला पाहायला आलं नव्हतं, आणि याचं दुःख नीरजाला झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ती प्रेक्षकांत सिंधूशेजारी येऊन बसली. पलीकडं घोरमाडे सर शेंगा फोडत होते.

"उजवी बोली आली ना हो परत?" तिनं सरांना विचारलं.

"आली ना. आता दोनी हातानं बोलते. उजव्या हातानं मोठ्या बाईसारखी, अन् डाव्या हातानं लहान पोट्टीसारखी. मायले डावीच आवडते."

मैदानात खेळ थांबला होता. फेकीच्या आधी जुईचा डावा हात ग्लोव्हमधून बाहेर यायचा, प्रेक्षकांकडं पाहून काहीतरी करायचा आणि परत ग्लोव्हमध्ये जायचा. प्रतिस्पर्धी संघानं हरकत घेतली की हे गुप्त इशारे आहेत. अंपायर तावातावानं जुईकडं आले.

"कोणाला इशारे करतेस? काय सांगतेस?"

"मायले सांगून राह्यली, सर," जुई म्हणाली, "का डब्यात लोनचं जास्त झालं."

अंपायरांनी प्रेक्षकांत पाहिलं. सिंधूनं उभं राहून डबा उंच करून दाखवला. सगळं मैदान हसलं, अंपायरही हसले, आणि खेळ सुरू झाला.

तो डबा मग सिंधूनं बाकावर उघडला. बाकावरच वळून मांडी घालून ती नीरजासमोर बसली. नीरजानं आजही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि ते सिंधूला तिच्या तोंडाकडं पाहूनच कळलं असावं. सिंधूनं उजव्या हाताची बोटं ओठांशी नेली आणि तळवा उलटा करून हलवला. जेवलीस का?

जुई मैदानात होती. मध्ये सांगायला कोणी नव्हतं. आपणही हेच विचारावं, तू जेवलीस का, म्हणून नीरजानं सिंधूच्या हाताकडं बघत हात उचलला. तो डावा होता. बोटं ओठांशी पोचली तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं आणि जुन्या सवयीनं तिनं अंग चोरलं, हात मागं घेतला.

सिंधूनं तो हात वाटेतच धरला. बोटं जरा सरळ केली, तळवा कसा उलटायचा ते वळवून दाखवलं आणि सोडून दिला. नीरजानं पुन्हा करून पाहिलं. या खेपेला कोणी चापट मारली नाही.